तडजोड कोणाची?

मार खाऊन सून माहेरी येते. चार दिवसांनी दोन्हींकडचे वडीलधारे देवळाच्या सभामंडपात बसतात, देवापुढे नारळ ठेवतात, 'पुन्हा असे होणार नाही' असे नवऱ्याकडून वदवून घेतात आणि मुलीस परत धाडतात. यासच आम्ही तडजोड म्हणतो! जिच्या अंगावर वळ उठले, तिला त्या बैठकीत एक शब्द तरी कोणी विचारला काय?

'कायदा घरात शिरला की संसार मोडतो', असे आमच्यातील भलेभले म्हणतात. त्यांनी कायदा वाचलेला दिसत नाही. छळाबद्दल शिक्षेचे कलम १९८३ पासून आहेच; आज ते भारतीय न्याय संहितेत ८५वे आहे. परंतु २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात असलेला कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा निराळा. तो प्रथम तुरुंगाचे दार उघडीत नाही. दंडाधिकारी मारहाण थांबविण्याचा हुकूम देतात. घर तिच्या नावावर नसले, तरी कायद्याची रीत पाळल्यावाचून तिला राहत्या घरातून काढता येत नाही. ते घर सासऱ्याचे असले तरीही हा हक्क लागू होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. कैद येते ती संरक्षणाचा हुकूम मोडल्यावर. म्हणजे कायदा तिला घरात ठेवू पाहतो. घराबाहेर काढतो तो हात उगारणारा!

गोव्यात तर लग्नापूर्वी निराळा करार नसेल, तर पोर्तुगीज अमदानीपासूनच्या नागरी कायद्याने पतिपत्नींची मालमत्ता सामान्यतः सामाईक असते. अर्ध्या घराची धनीण एका पिशवीनिशी माहेरी येते आणि आम्ही तिला सोशिकपणा शिकवितो! देवीची पालखी खांद्यावर मिरविणाऱ्यांस हे शोभते काय?

'दुसऱ्याच्या घरात आम्ही कसे पडावे?' ही पळवाटही उरलेली नाही. या कायद्याच्या चौथ्या कलमाने कोणीही संरक्षण अधिकाऱ्यास वर्दी देऊ शकतो. सद्भावाने दिलेल्या वर्दीबद्दल त्याच्यावर कसलाही बोजा येत नाही.

देवस्थानांच्या समित्यांपाशी आमचे मागणे थोडेच आहे. उत्सवाच्या फलकाशेजारी संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता लावावा. तिचे म्हणणे एकांतात, बाईमाणसाने ऐकल्यावाचून कोणतीही बैठक भरवू नये. आणि तिने 'मी जात नाही' म्हटले, तर तो नारळ तिच्या संमतीवाचून फोडू नये.