सोलापूरची न दिसणारी बेकारी

देशातील बेकारी घटत असल्याचा निर्वाळा केंद्र शासनाची श्रमबल पाहणी देते. १५ वर्षांवरील श्रमबलात २०१७-१८ साली सहा टक्के लोक बेकार होते. २०२३-२४ साली हे प्रमाण ३.२ टक्क्यांवर आले. हा आकडा खोटा नाही. परंतु त्यावर समाधान मानण्यापूर्वी सोलापूरसारख्या शहराकडे पाहणे इष्ट ठरेल. २०११च्या जनगणनेत साडेनऊ लाख लोकवस्ती नोंदवलेले हे शहर दहा लाखांच्या महानगरपदाला थोडक्यात मुकले होते.

१८७७ साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीने सोलापूरला गिरणगाव बनवले. ती १९६०च्या दशकात बंद पडली. पुढे इतर गिरण्यांवरही तीच पाळी आली. गिरणी बंद पडली की बेकारी डोळ्यांना दिसत असे. हजेरीपटावरून नाव जाई, दारावर सभा होत, विधिमंडळात प्रश्न विचारले जात. आज शहराचा श्रम यंत्रमागाच्या शेडमध्ये आणि बिडी वळणाऱ्या स्त्रियांच्या घरांत विखुरलेला आहे. येथील बेकारी मोजपट्टीतून निसटते.

ती कशी निसटते? बिडीची मजुरी हजारी दराने मिळते. मागणी घटली की कारखाना रोज हजाराऐवजी पाचशे बिड्यांची पाने देतो. बाईची मिळकत निम्मी होते. पण ती बेकार ठरत नाही. टॉवेलचा उठाव मंदावून दोन पाळ्यांची एक पाळी झाली आणि कामगार आठवड्यातून चारच दिवस मागावर उभा राहिला, तरीही तो रोजगारीतच राहतो. पाहणीच्या वार्षिक निकषात वर्षातील तीस दिवसांचे दुय्यम काम पुरते. साप्ताहिक निकषात तर एक तासही पुरतो. देशभरात स्वयंरोजगारितांचा वाटा याच सहा वर्षांत ५२.२ टक्क्यांवरून ५८.४ टक्क्यांवर गेला, ही गोष्ट या संदर्भात विसरता येणार नाही.

वस्तुतः बेकार राहण्यासही ऐपत लागते. ज्याच्या घरी दुसरी मिळकत आहे, तोच मनाजोगत्या नोकरीची वाट पाहू शकतो. म्हणूनच १५ ते २९ वयोगटातील बेकारी २०२३-२४ सालीही १०.२ टक्के होती. सोलापूरला २००४ साली स्वतंत्र विद्यापीठ मिळाले. पदवीधर वाढले, परंतु त्यांना सामावून घेणारे कारखाने व कचेऱ्या त्या प्रमाणात उभ्या राहिल्या नाहीत. असा पदवीधर पुण्याची गाडी पकडतो तेव्हा सोलापूरच्या बेकारांत एकाची घट होते. शहराने रोजगार दिला म्हणून नव्हे, तर माणूस गमावला म्हणून ही घट झालेली असते.

जानेवारी २०२५ पासून श्रमबल पाहणीच्या नमुना-रचनेत जिल्हा हा मूळ घटक करण्यात आला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. मात्र जिल्ह्याजिल्ह्याची टक्केवारी छापून भागणार नाही. कामाचे तास, हाती पडणारी मजुरी आणि स्थलांतर यांचीही नोंद शहरवार प्रसिद्ध झाली पाहिजे. बिडीचा धंदा आक्रसत असताना त्यातील स्त्रियांना पर्यायी काम कोणते, हा प्रश्न त्याविना नियोजनकारांच्या पुढ्यात येणारच नाही. बंद गिरणीचा भोंगा थांबल्याचे सर्व शहराला कळले होते. पाचशे बिड्या कमी झाल्याचे मात्र त्या एका घराच्या चुलीलाच कळते.