पोथीची साक्ष आणि कोळशाची साक्ष

अमुक मूर्ति पांच हजार वर्षांची, तमुक क्षेत्र त्रेतायुगांतलें, असें छातीठोक सांगणारांची आपल्या देशांत कधींच वाण पडली नाहीं. पुरावा विचारावा तर ते पोथीकडे बोट दाखवितात; पोथीचा पुरावा विचारला तर परंपरेकडे; आणि परंपरेचा विचारला कीं विचारणारासच नास्तिक ठरवून मोकळे होतात. अशा वेळीं बहुजनसमाजानें काय करावें? आमचें उत्तर असें कीं, वस्तूलाच बोलतें करावें.

वस्तु बोलते कशी, तें शिकागो विद्यापीठांतील विलर्ड लिबी व त्याचे सहकारी यांनीं १९४९ सालीं जगापुढें मांडलें. तत्त्व अगदीं सोपें आहे. आकाशांतून येणाऱ्या विश्वकिरणांमुळें हवेंत कार्बन-१४ नांवाचा एक किरणोत्सर्गी कार्बन सारखा तयार होत असतो. झाड तो हवेंतून घेतें, जनावर झाडापाल्यांतून घेतें. जीव गेला कीं घेणें बंद. आंत सांठलेला मात्र झिजत जातो आणि सुमारें ५,७३० वर्षांत निम्मा उरतो. जमा थांबली, खर्च चालू राहिला. शिल्लक मोजली कीं खातें केव्हां बंद पडलें तें कळतें. लिबीनें आधीं ज्यांचा काळ ठाऊक होता अशा इजिप्तच्या थडग्यांतील लांकूड तपासून आपल्या पद्धतीचीच परीक्षा घेतली. त्यास १९६० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें असें आढळलें कीं हवेंतील हें प्रमाण सर्व काळीं सारखें नव्हतें. तेव्हां जुन्या झाडांच्या खोडांतील वर्षावर्षाचीं वलयें मोजून हिशेब दुरुस्त केला गेला. कोणीं शास्त्रज्ञांस बहिष्कृत केलें नाहीं.

आतां धर्माच्या दारांतलीच गोष्ट घ्या. इटलींतील तुरिन शहरीं एक तागाचें लांब कापड आहे. ख्रिस्ताचें प्रेत याच कापडांत गुंडाळलें होतें, अशी लाखों भाविकांची श्रद्धा. वास्तविक १३८९ सालींच फ्रान्समधील एका बिशपानें, हें कापड चितारलेलें आहे, असें पोपला लिहून कळविलें होतें. पण त्या बिचाऱ्याचें ऐकतो कोण? अखेर १९८८ सालीं खुद्द चर्चच्या संमतीनें कोपऱ्याचा एक लहान तुकडा कापून ऑक्सफर्ड, झुरिच व ॲरिझोना येथील तीन प्रयोगशाळांस देण्यांत आला. तिघांचा मिळून निकाल आला: कापड सन १२६० ते १३९० च्या दरम्यानचें. तो निकाल तुरिनच्या कार्डिनलनेंच जाहीर केला! तुकडा मागाहून ठिगळ लावलेल्या जागेचा होता, अशा शंका कांहीं लोक अजून काढतात, काढोत बापडे. कापड आजही तेथेंच आहे, भाविकही जातात, आभाळ कांहीं कोसळलें नाहीं. आमच्याकडील किती संस्थानांचे विश्वस्त आपल्याजवळील वस्त्राचा, पादुकेचा वा पोथीचा एवढासा तुकडा तपासावयास देतील?

विद्वानांच्या शब्दावरही डोळे मिटून विश्वास ठेवूं नये. इंग्लंडांत १९१२ सालीं पिल्टडाऊन येथें आदिमानवाची कवटी सांपडल्याचा गाजावाजा झाला. मोठमोठे पंडित चाळीस वर्षें फसले. हाडांत जमिनींतील पाण्यामुळें मुरणारें फ्लुओरीन मोजलें गेलें, पुढें आणखी तपास झाला, आणि १९५३ सालीं उघड झालें कीं जबडा ओरँगउटान वानराचा असून त्याचे दांत कानसीनें घांसलेले होते.

परंतु खोटें पकडणें हा या विद्येचा लहान उपयोग. मोठा उपयोग पाहावयाचा तर पुणें जिल्ह्यांत घोड नदीच्या कांठीं इनामगांवास जावें. डेक्कन कॉलेजनें १९६८ पासून १९८३ पर्यंत तेथें उत्खनन केलें. इसवी सनापूर्वीं सुमारें १६०० पासून ७०० पर्यंत तेथें शेतकरी नांदत होते; जव पिकवीत होते, मातीच्या घरांत राहत होते, मेलेल्या मुलांस रांजणांत ठेवून घराच्या जमिनीखालीं पुरीत होते. त्यांस लिहितां येत नव्हतें. त्यांचें नांव कोणत्याही पोथींत नाहीं, कोणा राजाच्या ताम्रपटांत नाहीं. त्यांचा काळ ठरविण्यास उपयोगी पडला तो जळका कोळसा! लेखणी ज्यांच्या हातीं नव्हती त्यांचाही इतिहास असतो, आणि तो वर्षें सांगून सिद्ध करतां येतो, ही गोष्ट आम्हांस शंभर पुराणांहून मोलाची वाटते.

मात्र एक सावधगिरी. ही परीक्षा एकदां जिवंत असलेल्या वस्तूचीच होते: लांकूड, हाड, धान्य, कापड, आणि तीही सुमारें पन्नास हजार वर्षांच्या आंतली. दगडाची मूर्ति कार्बनच्या परीक्षेनें अमुक हजार वर्षांची ठरली, असें कोणी सांगेल तर तो एक स्वतः फसला आहे किंवा तुम्हांस फसवीत आहे. कोळसा सांपडला म्हणून त्यावरची भिंतही तितकीच जुनी, असेंही होत नाहीं. म्हणून वाचकहो, व्यासपीठावरून कोणीं मोठा आंकडा फेंकला कीं विचारा: मोजलें काय, तें कोणत्या थरांत सांपडलें, कोणत्या प्रयोगशाळेंत मोजलें, आणि अधिक-उणीं किती वर्षें धरलीं?

इनामगांवचा मोठा अहवाल इंग्रजींत छापला गेला. त्याचें सार चार आण्याच्या चोपड्यासारख्या साध्या मराठी पुस्तकांत काढून पुणें जिल्हा परिषदेनें शिरूर तालुक्यांतील प्रत्येक शाळेंत ठेवावें, अशी आमची मागणी आहे.