परदेशातून रोप मागवलं आणि पार्सल अडलं : चूक कस्टम्सची नव्हती, माझी होती

गेल्या हिवाळ्यात रील्स बघता बघता एक मॉन्स्टेरा दिसला. अर्धं पान हिरवं, अर्धं पांढरंशुभ्र. विक्रेता थायलंडमधला. 'जगभर पाठवतो, पॅकिंगची गॅरंटी' असं त्याच्या बायोमध्ये लिहिलेलं. इथल्या नर्सरीत अशा रोपाचे जे भाव सांगतात त्याच्या निम्म्याहून कमी किंमत. मी साडेचार हजार रुपये पाठवले आणि रोज ट्रॅकिंग उघडून बघायला लागलो.

अकराव्या दिवशी स्टेटस बदललं : कस्टम्सने रोखलं. मग कुरिअरकडून ईमेल आला की इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट जोडा. माझ्याकडे दोन्ही नव्हतं. विक्रेत्याला विचारलं तर तो म्हणाला, "आम्ही पाकिटावर गिफ्ट लिहितो, सहसा जातं." सहसा! पुढे आणखी एक ईमेल आला, की रोप नष्ट करण्यात येईल. पैसे गेले ते गेलेच.

रावेरच्या मामाला फोनवर हे सगळं रागारागात सांगितलं. त्याची केळीची बाग आहे. मला वाटलं, तो सरकारी बाबूंना चार शब्द सुनावेल. तर तो म्हणाला, "बरं झालं अडवलं. अरे, त्याच्या मुळाला कुठली माती चिकटली होती, तुला माहीत होतं का?"

मला माहीत नव्हतं. म्हणून मग नियम वाचायला बसलो.

'बाय नाऊ' दाबलं की तुम्ही आयातदार

आपल्याकडचा मूळ कायदा १९१४ चा आहे, डिस्ट्रक्टिव्ह इन्सेक्ट्स अँड पेस्ट्स ॲक्ट. हो, इंग्रजांच्या काळातला. त्याच्या आधारे २००३ मध्ये केंद्र सरकारने प्लांट क्वारंटाइन ऑर्डर काढली आणि आज बंदरावर, विमानतळावर, टपाल कार्यालयात जे काही चालतं ते तिच्यावर चालतं. मध्ये २०१३ साली नवीन कृषी जैवसुरक्षा विधेयक लोकसभेत मांडलं गेलं होतं, पण निवडणुका आल्या आणि ते बारगळलं.

नियमाचा गाभा साधा आहे. लावण्यासाठी रोप, कलम, कंद किंवा बी आणायचं असेल तर दोन कागद लागतात. एक, आपल्या सरकारचं इम्पोर्ट परमिट. दोन, ज्या देशातून माल निघतोय त्या देशाच्या सरकारी तज्ज्ञांनी माल तपासून दिलेलं फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, ज्याला व्यापारात नुसतं 'फायटो' म्हणतात. दोन्ही माल निघण्याआधी हवेत. माझ्यासारखे लोक इथेच फसतात. आपल्याला वाटतं, अडलं तर बघू, फी भरू, सोडवू. मोबाइलवर ड्यूटी भरावी तसं हे नाही. निघालेल्या पार्सलसाठी मागाहून तपासणी करता येत नाही, कारण तपासायची वेळ आणि जागा दोन्ही मागे राहिलेली असतात.

ऑर्डरच्या शेवटी याद्या आहेत. कोणती वनस्पती कुठल्या देशातून अजिबात आणायची नाही, कोणती फक्त ठरावीक संस्थांनीच आणायची, कोणतीला कुठली जादा अट. सगळं शास्त्रीय नावाने. आणि रोपासोबत माती, कंपोस्ट आणायला सरसकट मनाई. लागवडीच्या बऱ्याचशा मालाला इथे आल्यावरही काही काळ वेगळं वाढवून, निरीक्षकाच्या नजरेखाली ठेवावं लागतं. खायच्या फळांचं थोडं वेगळं आहे, त्यांचे नियम सौम्य आहेत. कारण फळ आपण खाऊन संपवतो आणि रोप इथे वाढतं.

एका पाकिटाने असं काय होणार?

हा प्रश्न मीही मामाला विचारला होता. त्याच्याकडे उत्तर तयार होतं : पनामा मर. मातीतल्या बुरशीचा रोग. त्याची टीआर-४ नावाची जात आपण बाजारात घेतो त्या केळीच्या वाणाला सोडत नाही, आणि ती भारतात बिहारमध्ये सापडलेली आहे. तिचे बीजाणू मातीत कित्येक वर्षं, दशकंसुद्धा, जिवंत राहतात. एकदा शेतात शिरली की फवारून जात नाही. आता माझ्या मॉन्स्टेराला केळीचा मर होतो असं अजिबात नाही. पण मुळाभोवतीची ओली माती कुठल्या बागेच्या कडेची आहे हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. मातीवर बंदी आहे ती यासाठी.

पपईचं उदाहरण तर झालेलंच आहे. पपईवरचा पिठ्या ढेकूण मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतला. तो २००८ मध्ये कोइम्बतूरला पहिल्यांदा दिसला. पांढरा कापूस चिकटल्यासारखा किडा, पानाच्या बेचक्यात लपतो, कुंडीतल्या रोपावर सहज प्रवास करतो. दोन वर्षांत त्याने तमिळनाडूत पपई, तुती, टॅपिओका यांची वाट लावली आणि महाराष्ट्रातही पोचला. शेतकरी फवारण्या करून थकले. शेवटी २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून त्या किड्याच्या अंगात अंडी घालणारी एक बारीक गांधीलमाशी आणली गेली, आणि तिने तो आटोक्यात आणला.

ही माशीसुद्धा परदेशी जीवच की. पण ती बेंगळुरूच्या सरकारी प्रयोगशाळेत परवानगीने आली, बंदिस्त ठेवून तपासली गेली, आपल्या उपयोगी किड्यांना त्रास देत नाही हे पाहिलं गेलं, मग सोडली. म्हणजे परदेशी जीव नकोच, असा क्वारंटाइनचा अर्थ नाही. कोण आत येतंय ते आधी बघू, एवढाच आहे.

कोकणातल्या वाचकांनी नारळाच्या झावळीखाली पांढरे गोल गोल वळसे बघितले असतील. ती चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये पोल्लाचीला आढळली आणि मग किनाऱ्याने वर सरकत आली. आणि गाजर गवत? ते तर आपल्या प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे. १९५५ च्या सुमारास पुण्यात त्याची पहिली ठळक नोंद झाली. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हातून आलं असं आपण लहानपणापासून ऐकतो, म्हणून तर त्याला काँग्रेस गवत म्हणतात. गंमत म्हणजे त्या गव्हाचा मोठा करार, पीएल-४८०, झाला १९५६ मध्ये. एक वर्ष उशिरा. १९५१ मध्येही अमेरिकेचा गहू आला होता, त्यामुळे गोष्ट पूर्ण खोटी म्हणता येत नाही, पण व्हॉट्सॲपवर फिरते तेवढी सरळही नाही.

इथे एक कबुली द्यायला हवी. सगळ्याच किडी पार्सलमधून येत नाहीत. अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये शिवमोग्याला मक्यावर सापडली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात आली. तिचा पतंग एका रात्रीत लांबवर उडतो. त्याला कस्टम्स कसं अडवणार? पण जे दारातून येतं ते तरी दारात थांबवता येतं.

फोनवरच्या बाजाराला हा दरवाजा दिसत नाही

माझ्या मते खरी अडचण इथे आहे. २००३ ची ऑर्डर कंटेनर मागवणाऱ्या व्यापाऱ्याला समोर ठेवून लिहिलेली आहे. त्याच्याकडे एजंट असतो, तो केंद्र सरकारच्या प्लांट क्वारंटाइन मॅनेजमेंट सिस्टीमवर ऑनलाइन अर्ज करतो, कस्टम्सच्या सिंगल विंडोमध्ये कागद लागतात. ही व्यवस्था चालते. पण आज आयात करणारा मी आहे, रात्री साडेअकराला अंथरुणात पडून. ॲपने माझा पत्ता विचारला, पिनकोड विचारला, कूपन आहे का विचारलं. 'हे सजीव रोप आहे, तुमच्या देशात परमिट लागेल' एवढी एक ओळ दाखवली नाही.

तंत्रज्ञान नाही असं नाही. विमानतळावरच्या एक्स-रे स्कॅनरमध्ये सेंद्रिय वस्तू नारिंगी रंगात दिसते, धातू निळा. त्यामुळे पाकिटावर 'दागिने' लिहा किंवा 'गिफ्ट', आतली फांदी कळू शकते. कागदी फायटो बनावट करता येतो, म्हणून आता इ-फायटो आलाय. एका देशाचं सरकार सर्टिफिकेट थेट दुसऱ्या देशाच्या सरकारला डिजिटल रूपात पाठवतं, मध्ये विक्रेत्याच्या हातात कागद जातच नाही. ऑस्ट्रेलियाने तर बायकॉन नावाचा डेटाबेस सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय. वनस्पतीचं नाव टाका, आणायची परवानगी आहे का, कुठल्या अटींवर, ते तिथेच दिसतं. आपल्या याद्याही ऑनलाइन आहेत, पण त्या राजपत्राच्या इंग्रजीत. 'मॉन्स्टेरा' टाकून मराठीत उत्तर मिळेल अशी सोय मला सापडली नाही. हे करणं फार अवघड नाही. आधारपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं फोनवर आणणाऱ्या देशाला तर नक्कीच नाही.

आणि विक्रीच्या प्लॅटफॉर्मवर सक्ती केली तर फरक पडतो, हेही दिसलेलं आहे. २०२० च्या उन्हाळ्यात अमेरिकेत हजारो लोकांच्या घरी न मागवलेली बियांची पाकिटं आली, बहुतेकांवर चीनचा शिक्का. ऑगस्टमध्ये आपल्या कृषी मंत्रालयानेही राज्यांना सावध केलं. खोटे रिव्ह्यू टाकायला विक्रेते असं स्वस्त काहीतरी पाठवतात, ज्याला ब्रशिंग म्हणतात, असा तपास यंत्रणांचा अंदाज होता. नंतर एका पत्रकाराने खोदून काढलं तर अनेकांनी ती बियाणी स्वतःच ऑर्डर केली होती आणि विसरले होते, माल परदेशातून येतोय हे त्यांना कळलंच नव्हतं. त्याच सप्टेंबरमध्ये अमेझॉनने अमेरिकेत परदेशी बियाणं आणि रोपं विकणं बंद केलं. सरकारने लाखो ग्राहकांमागे धावण्यापेक्षा लिस्टिंग बंद करणं सोपं होतं.

हेच नियम आपल्या हापूसलाही

कडक नियम फक्त आपलेच आहेत असं वाटत असेल तर आंब्याकडे बघा. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंबा बंद केला होता, कारण आधीच्या वर्षीच्या खेपांमध्ये फळमाशी सापडली होती. जानेवारी २०१५ मध्ये बंदी उठली, पण हापूसचा एक अख्खा हंगाम गेला. अमेरिकेत जाणाऱ्या आंब्यावर विकिरण प्रक्रिया करावी लागते. मे २०२५ मध्ये नवी मुंबईतल्या केंद्रात प्रक्रिया झालेल्या किमान १५ खेपा तिकडच्या विमानतळांवर नाकारल्या गेल्या, आणि कारण होतं कागदपत्रांतली गडबड. परत आणणं परवडेना म्हणून निर्यातदारांनी आंबा तिथेच नष्ट केला. माझे साडेचार हजार त्यापुढे काहीच नाहीत.

मग आता काय करायचं?

रोप आवडलं तर आधी त्याचं शास्त्रीय नाव शोधा. मग विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा : फायटो देणार का? "गरज नाही", "गिफ्ट लिहितो", "आजपर्यंत अडलं नाही" असं उत्तर आलं की चॅट बंद करा. फायटो देतो म्हणाला तरी परमिट तुमच्या नावाने लागेल आणि ते आधी काढावं लागेल, एका कुंडीसाठी हा खटाटोप करायचा का ते तुम्हीच ठरवा. बहुतेक वेळा आयात करून, वाढवून विकणारी इथली नर्सरी स्वस्त पडते. फक्त मूळ रोप कागदांसह आणलं होतं का, हे त्यांनाही विचारा. मी विचारलं तेव्हा दोघांनी विषय बदलला, तिसऱ्याने फाइल काढून दाखवली. मी तिसऱ्याकडून घेतलं.

परदेशातून परत येणाऱ्या मित्रांनाही सांगून ठेवा. गोऱ्या काकूंच्या बागेतली फांदी, मॉलमधून घेतलेली ट्युलिपची कंदं, आजीसाठी आणलेलं बियाणं, हे सगळं कस्टम्सला सांगायच्या यादीत येतं. न्यूझीलंडमध्ये उतरताना बॅगेत न सांगितलेलं सफरचंद निघालं तर जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो.

आणि कधी न मागवलेलं बियांचं पाकीट घरी आलंच, तर कुतूहलापोटी कुंडीत पेरू नका. कचऱ्यातही टाकू नका, डेपोवर ते उगवू शकतं. पाकीट, वरचं लेबल आणि खोका तसाच एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, फोटो काढा आणि तालुका कृषी अधिकारी कार्यालयात नेऊन द्या.