माळ्यावरची ट्रंक

दिवाळीआधी माळा झाडायला काढला की एक जुनी ट्रंक हमखास खाली येते. आमच्याकडेही आली. आत सासूबाईंना त्यांच्या आईनं लिहिलेली पोस्टकार्डं, सुतळीनं बांधलेली. रद्दीवाला दारात उभा. गठ्ठा तराजूत टाकणार, तोच सासूबाई म्हणाल्या, "अगं, तेवढं राहू दे."

मी वरमलेच. त्या रात्री मला योहानाची आठवण झाली. ही हॉलंडमधली, लग्नाआधी मुलींना इंग्रजी शिकवणारी. चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉगचा धाकटा भाऊ थिओ, त्याची ही बायको. थिओ पॅरिसला चित्रांच्या दुकानात नोकरी करी आणि भावाला पैसे पाठवी. भाऊ त्याला पत्रं लिही. १८८९ साली या दोघांचं लग्न झालं. जुलै १८९० मध्ये व्हिन्सेंट गेला, आणि जानेवारी १८९१ मध्ये थिओही. योहाना २८ वर्षांची, पदरात वर्षही न भरलेला मुलगा. मागे उरली ती कुणी विकत न घेतलेली चित्रं आणि थिओनं जपलेला पत्रांचा ढीग.

तिनं बुसम गावी घर घेऊन भाडेकरू ठेवले. दिवसभर त्यांचं जेवणखाण आणि रात्री पत्रं! व्हिन्सेंट पत्रांवर बहुतेक तारीखच घालत नसे. (आपल्याकडचे पुरुष तरी कुठं घालतात!) कोणतं आधीचं, कोणतं नंतरचं, हे लावण्यात तिची वर्षं गेली. आधी चित्रांचं नाव व्हावं म्हणून ती थांबली आणि १९१४ साली तिनं पत्रांचे तीन खंड काढले. पुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर करता करताच १९२५ मध्ये ती गेली.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. व्हिन्सेंटची थिओला लिहिलेली साडेसहाशेच्या आसपास पत्रं आज आहेत. थिओनं त्याला लिहिलेली जेमतेम चाळीसेक. व्हिन्सेंटनं ती जपलीच नाहीत. सासूबाईंनी आईला पाठवलेली उत्तरंही अशीच. माहेरचं घर विकलं तेव्हा ती कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही.

तेव्हा तुमच्याकडे असा गठ्ठा असेल, तर आधी गंजलेल्या टाचण्या अलगद काढा. फाटलं असेल तिथं चिकटपट्टी लावू नका, कालांतरानं कागद पिवळा पडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल धरते. त्यापेक्षा जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा बरा. कसर लागली नाही ना, ते अधूनमधून पाहा. आणि तारीख नसेल तर पोस्टाचा शिक्का वाचून वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहा, कुणी कुणाला लिहिलं तेही.

आमच्या एका कार्डावर "बेबीचं ठरलं" एवढंच आहे. ही बेबी कोण, हे सांगणारं घरात आता एकच माणूस. शाळेतून आले की मी पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसते. तीन दुपारींत अकरा कार्डं झाली. बेबीच्या कार्डाशी आल्यावर सासूबाई हसल्या आणि म्हणाल्या, "ते उद्या सांगते. आधी चहा टाक."