७८६ आणि इब्रानीतले पंधरा

लग्नसराई आली की पुष्कळ घरांत एक वाद ठरलेला असतो. पत्रिकेच्या माथ्यावर पूर्ण बिस्मिल्लाह छापायची की नुसते ७८६? आजोबा म्हणतात, पत्रिका उद्या रद्दीत जाणार, पायाखाली येणार, तिच्यावर अल्लाहचे नाव कशाला? नातू म्हणतो, आकडा म्हणजे का बिस्मिल्लाह? खरे तर दोघांच्याही मनात अदबच आहे.

हा आकडा अबजदच्या हिशेबातून आला. ‘बिस्म’चे १०२, ‘अल्लाह’चे ६६, ‘अर्रहमान’चे ३२९, ‘अर्रहीम’चे २८९, बेरीज करून पाहा. मदरशात अलिफ, बे, ते, से शिकलेल्या मुलाला अलिफ, बे, जीम, दाल हा क्रम चमत्कारिक वाटतो. पण तोच जुना. हजरत मूसा (अलै.) यांच्या उम्मतीची इब्रानी लिपी आजही आलेफ, बेत, गिमेल, दालेत अशीच चालते. तिची २२ अक्षरे आणि आपल्या अबजदची पहिली २२ यांचा क्रम एक, मोलही एकच. अरबीने पुढे आणखी सहा जोडली, म्हणून आपला गैन हजारावर पोचतो.

आता गंमत पाहा. इब्रानीत दहासाठी योद आणि पाचासाठी हे. पंधरा लिहायचे तर योद-हे व्हायला हवे. पण ही दोन अक्षरे एकत्र आली की अल्लाहच्या पवित्र नावाचा भाग होतो. तारखेत, पानाच्या क्रमांकात ते नाव सहज पडू नये, म्हणून यहुदी नऊ आणि सहा, म्हणजे तेत-वाव, असे पंधरा लिहितात. सोळाचीही तीच गत: नऊ आणि सात. शबात महिन्याच्या पंधराव्या दिवसाचे, झाडांच्या नववर्षाचे, नावच त्यावरून ‘तू बिश्वात’ पडले. आपल्या कोकणातले बेने इस्राएल याच दिवशी मलिदा करतात आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला जातात. तिथल्या खडकावरच्या खुणा एलियाहू नबींच्या, म्हणजे आपल्या हजरत इलियास (अलै.) यांच्या, असे ते मानतात.

तौरातची गुंडाळी हाताने लिहिली जाते. अल्लाहचे नाव लिहिण्याआधी लेखनिक आपली नियत तोंडाने बोलतो. एक अक्षर गळले किंवा शेजारच्या अक्षराला चिकटले, तर दुरुस्ती होईपर्यंत ती गुंडाळी इबादतीत वाचायला चालत नाही. जीर्ण कागद फेकायचे नाहीत, साठवायचे आणि पुरायचे. कैरोच्या जुन्या भागातल्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या कोठीत असे कागद शतकानुशतके साचले. त्यांत कितीतरी मजकूर अरबी भाषेत, पण इब्रानी अक्षरांत आहे. सुलतान सलाहुद्दीनच्या काळात कैरोला राहिलेला हकीम मूसा बिन मैमूनही तसाच लिहायचा. कुरआनची जीर्ण पाने आपणही रद्दीत देत नाही, दफन करतो.

अक्षरांची कदर आपल्याकडे काही कमी नाही. कुरआनच्या एका अक्षराला दहा नेक्या, आणि अलिफ-लाम-मीम हे एक नव्हे, तीन हरफ, असे हदीसमध्ये आहे. २९ सूरहांचा आरंभ अशा सुट्या अक्षरांनी होतो. त्यांचा खरा अर्थ अल्लाहच जाणे, असे बहुतेक आलिम म्हणतात. यहुदी सूफींनी अक्षरांच्या बेरजांतून मोठमोठी गूढे विणली. आपल्याकडच्या ताविजांचे चौकोनही त्याच वाटेने गेले. त्या वाटेला मी जात नाही.

मग पत्रिकेचे काय? यहुद्यांनी आकडा बदलला तो नाव जपण्यासाठी. तो आकडा त्यांनी नावाच्या जागी बसवला नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे ७८६ आधी झाकण म्हणून आला असेल, पण पुढे नोटांचे नंबर आणि गाड्यांच्या पाट्या शोधण्यापर्यंत मजल गेली. दुसऱ्या कितीतरी शब्दांची बेरीजही ७८६ भरेल. शिवाय सूरह नम्लमध्ये हजरत सुलैमान (अलै.) यांचे पत्र आहे. ते सूर्यपूजक लोकांच्या राणीला गेले आणि तरी बिस्मिल्लाहनेच सुरू झाले. बेअदबीच्या भीतीने त्यांनी ती गाळली नाही.

तेव्हा नातवाचे ऐकून पूर्ण बिस्मिल्लाह छापा, आणि आजोबांचे ऐकून खाली बारीक टाइपात एक ओळ घाला, की पत्रिका कचऱ्यात टाकू नये. तेही नको वाटले तर माथा कोरा सोडा आणि मजकूर लिहायला घेताना तोंडाने बिस्मिल्लाह म्हणा. उरलेल्या प्रती मात्र रद्दीवाल्याला देऊ नका. जीर्ण पाने जमा करायची पेटी बऱ्याच मशिदींत असते. नसेल तर कमिटीला सांगून एक ठेवून घ्या.