प्रवास पोटासाठी

प्रवासवर्णनावर मराठी लेखकाचे घर चालते काय? क्वचितच. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, लुटले गेले. त्यांचा ‘माझा प्रवास’ छापून आला १९०७ मध्ये, त्यांच्या पश्चात! मीना प्रभूंनी जग पाहून लिहिले, पण त्यांचा पेशा डॉक्टरकीचा होता.

आमच्या पालम भागातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी बिऱ्हाडे निघतात. गोडसे भटजींप्रमाणे तीही पोटासाठीच. त्यांचा प्रवास कोण लिहिणार? सहलींच्या वर्णनांना पुरवण्यांत जागा मिळतेच. मला वाटते, त्या बिऱ्हाडातले एखादे पोर उद्या लिहू लागेल, तेव्हा संपादकांनी कौतुकाआधी त्याच्या हाती मानधन ठेवावे.