जुने खेळ, जुनी यंत्रे आणि दुरुस्तीचे अर्थकारण

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके वृत्तपत्रांत येतात ते बहुधा बिबट्याच्या हल्ल्यांमुळे, टोमॅटोच्या कोसळलेल्या भावामुळे, नाही तर कुकडी आणि घोड या नद्यांवरील धरणांच्या पाण्यावरून उठणाऱ्या वादामुळे. या गंभीर विषयांच्या रांगेत एखाद्या खेळण्याला स्थान मिळावे, असे कोणी म्हणणार नाही. तथापि नारायणगाव, मंचर, घोडेगाव किंवा ओतूर यांसारख्या बाजारपेठेतील दुरुस्तीच्या दुकानात आज चाळिशी गाठलेला एखादा गृहस्थ तीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओ गेमचा धूळ खात पडलेला संच पिशवीत घालून येतो आणि ‘हा चालू होईल का?’ असे विचारतो, तेव्हा तो नकळत एक आर्थिक प्रश्नच विचारत असतो. त्या संचाला बाजारात किंमत जवळजवळ नाही. दुरुस्तीला मात्र पैसे पडणार आहेत, आणि ते देण्याची त्याची तयारी आहे. असे का व्हावे?

याचे एका शब्दातले उत्तर स्मरणरंजन हे होय. जुन्या काळाविषयीच्या या ओढीची थट्टा करण्याची आपल्याकडे सुशिक्षितांत रीत आहे. आंबेगाव तालुक्यात तरी ती करताना थोडे थांबावयास हवे. ज्या गावाच्या नावाने हा तालुका ओळखला जातो ते जुने आंबेगाव डिंभे धरणाच्या जलाशयाखाली गेले. तालुक्याचे ठाणे घोडेगावी आहे आणि नाव पाण्याखालच्या गावाचे आहे. अशा मुलखात जुन्या वस्तूंविषयीची आस्था ही केवळ फावल्या वेळातील चैन ठरत नाही.

या विशिष्ट आठवणीचा काळ निश्चित सांगता येतो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ साली सिंहगडावरील केंद्रामुळे ते पुणे परिसरात दिसू लागले. १९८२च्या आशियाई क्रीडास्पर्धांबरोबर रंगीत चित्रे आली. गावोगावच्या मध्यमवर्गीय घरांत संच पोहोचावयास त्या दशकाची अखेर उजाडली. जपानमध्ये निंटेंडो कंपनीचा ‘फॅमिकॉम’ हा खेळसंच जुलै १९८३ मध्ये विक्रीस आला होता. आपल्याकडे त्याचे युग अवतरले ते मात्र १९९०च्या दशकात, आणि तेही बव्हंशी नकलेच्या रूपाने. ‘समुराई’ या नावाने आलेले परवानाधारक संच थोड्या घरांत गेले. बहुसंख्य मुलांच्या हाती पडले ते ‘लिटल मास्टर’, ‘मीडिया’ अशा नावांचे स्वस्त संच. त्यांच्या कॅसेटवर ९९९९ किंवा त्याहूनही अधिक खेळ असल्याचे छापलेले असे. प्रत्यक्षात मारिओ, काँट्रा, रणगाड्यांचा खेळ, बदकांची शिकार अशी काही मोजकी नावेच पुनःपुन्हा येत. चलनवाढ म्हणजे काय, हे विद्यार्थ्यांना समजावून देण्यास याहून सुटसुटीत उदाहरण क्वचितच सापडेल.

हे संच सगळ्यांकडे नव्हते, ही गोष्टही विसरता कामा नये. एका घरात संच, दोन मुलांच्या हाती कळफळ्या आणि दारात उभे राहून पाहणारी पाचसहा मुले, असे त्या वेळचे चित्र होते. आज जुना संच दुरुस्त करून मागणाऱ्यांत ज्यांनी तो कधी विकत घेतला नव्हता, केवळ दुरून पाहिला होता, असेही अनेक असतात. अपुऱ्या राहिलेल्या मागणीची ही तीस वर्षे उशिरा झालेली वसुली आहे. श्रीमंत देशांतील स्मरणरंजनाचा बाजार याहून अगदी निराळा दिसतो. अमेरिकेत जुलै २०२१ मध्ये ‘सुपर मारिओ ६४’ या खेळाची एक न उघडलेली प्रत १५ लाख डॉलरहून अधिक किमतीस लिलावात गेली, आणि पुढच्याच महिन्यात ‘सुपर मारिओ ब्रदर्स’च्या एका प्रतीस २० लाख डॉलर मोजले गेले. त्या प्रती कोणी कधी खेळणार नाही. तेथे वस्तू सीलबंद राहण्यात मूल्य आहे. जुन्नरच्या गिऱ्हाइकाला ती चालू हवी असते, कारण त्याला ती आपल्या मुलांना दाखवावयाची असते.

आता दुरुस्तीकडे वळू. या संचांच्या बिघाडांचे स्वरूप पाहिले असता एक विरोधाभास लक्षात येतो. मूळ जपानी यंत्रात वेगवेगळ्या चिप होत्या; त्या ओळखता येत, तपासता येत. नकली संचांत हे सारे काम एकाच चिपवर आणून ती छापील पट्टीवर थेट बसविली जाई आणि तिच्यावर काळ्या राळेचा एक थेंब ओतून ती कायमची झाकली जाई. ती चिप गेली की संच गेला. जगातला कोणताही कारागीर तिला हात लावू शकत नाही. पण सहसा ती जात नाही. बिघडते ते तिच्या भोवतालचे. नऊ व्होल्टचा अडॅप्टर विजेच्या चढउताराने जळतो, पाच व्होल्टचा दाब स्थिर राखणारा भाग तापून निकामी होतो, कपॅसिटर फुगतात, कॅसेट बसविण्याच्या खाचेतील पितळी दाते गंजतात, कळफळीची वायर मुळाशी तुटते, कळांखालच्या रबरावरील कार्बनचा थर झिजतो. हे सर्व भाग एकतर काही रुपयांत मिळतात किंवा साफ करून भागते. सारांश, गाभ्याशी दुरुस्त न होणारी आणि कडेने सहज दुरुस्त होणारी अशी ही वस्तू होती. जुने ते सर्व दुरुस्तीयोग्य आणि नवे ते सर्व फेकण्याजोगे, ही सरधोपट विभागणी येथे टिकत नाही.

बदकांच्या शिकारीचा खेळ मात्र आता बहुतेक घरांत चालत नाही, आणि त्याचे कारण बंदुकीत नाही. त्या बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक लहानसा भाग असतो. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि नंतर केवळ लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. बंदूक तो प्रकाश टिपते. ही सारी गणना चित्रनलिकेच्या जुन्या दूरचित्रवाणी संचाच्या वेगावर बेतलेली होती. आजच्या सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा उमटते आणि नेम धरूनही बदक पडत नाही. खेळ जिवंत ठेवावयाचा तर जुना टीव्ही जिवंत ठेवावयास हवा, आणि चित्रनलिका तयार करणारे कारखाने तर बंद झाले आहेत. एक वस्तू टिकविण्यासाठी तिच्याभोवतीचे सबंध जग टिकवावे लागते, असा हा प्रकार आहे.

दुरुस्तीचा धंदा का आक्रसला, याचे उत्तर अर्थशास्त्रात फार पूर्वीच दिले गेले आहे. कारखान्यात तयार होणारी वस्तू उत्पादकता वाढत जाईल तशी स्वस्त होते. माणसाने हाताने, एकेका नगावर, वेळ खर्चून करावयाचे काम तसे स्वस्त होत नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ साली नाटक आणि संगीत यांच्या संदर्भात हा विचार मांडला. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्यालाही तो तंतोतंत लागू पडतो. भारताने १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरील आयातीची संख्यात्मक बंधने उठविल्यानंतर स्वस्त परदेशी मालाला वाट मोकळी झाली. कारागिराची दोन तासांची मजुरी आणि नव्या वस्तूची किंमत यांतील अंतर जसजसे कमी झाले, तसतसे गिऱ्हाईक दुरुस्तीच्या दुकानावरून पुढे नव्या मालाच्या दुकानाकडे जाऊ लागले. त्यात कारागिराचा दोष नव्हता.

तरीही लहान गावातील कारागिरापाशी एक भांडवल उरते, आणि ते म्हणजे विश्वास. जुन्या मालाच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतो आणि घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे चांगला माल बाजारातून हटतो, हे जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली दाखवून दिले. आठवड्याच्या बाजारी ज्याची गाठ पडणारच आहे, ज्याच्या घरचे लग्नकार्यात भेटणार आहेत, तो कारागीर न बदललेल्या भागाचे पैसे सहसा लावीत नाही. दूरच्या शहरातून टपालाने जुना संच मागविणाऱ्याला ही शाश्वती नसते.

मग उणीव कोठे आहे? ती बुद्धीत वा हातकौशल्यात नाही. याच जुन्नर तालुक्यात खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या या प्रकल्पात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. तिची मूळ इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्याच १९९०च्या दशकातली, ज्या दशकात काळ्या राळेचे खेळसंच घराघरांत आले. ती दुर्बीण आजही आकाश न्याहाळते, कारण तिचे आराखडे संस्थेपाशी आहेत, ती बांधणाऱ्यांनीच तिची देखभाल केली आणि जुने भाग टप्प्याटप्प्याने बदलून नवे बसविले. तेथून काही मैलांवरील दुकानदाराकडे मात्र समोर आलेल्या वस्तूचा आराखडा नसतो, भाग कोणता हे ओळखण्यास क्रमांक नसतो, कारण तो बहुधा घासून काढलेला असतो. पूर्वीच्या कित्येक रेडिओंच्या पेटीत आतल्या बाजूस मंडलाची आकृती चिकटवलेली असे. ती आकृती म्हणजे उत्पादकाने अनोळखी कारागिराला दिलेली मुभा होती, आणि तीच हळूहळू काढून घेतली गेली.

ही मुभा कायद्याने परत मिळविण्याची चळवळ जगभर चालू आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१ पासून काही विद्युत उपकरणांवर ती कितपत दुरुस्त होऊ शकतात याचे गुण छापावे लागतात. अमेरिकेत मिनेसोटा आणि कॅलिफोर्निया या राज्यांचे दुरुस्तीविषयक कायदे जुलै २०२४ पासून अमलात आले. गंमत अशी, की या दोन्ही कायद्यांतून व्हिडिओ गेमचे संच वगळण्यात आले आहेत. दुरुस्तीची माहिती दिली तर खेळांची चोरी वाढेल, हा उत्पादकांचा युक्तिवाद आमदारांनी मान्य केला. याला उलट बाजूही आहे: निंटेंडोने जपानमध्ये फॅमिकॉमची दुरुस्ती ऑक्टोबर २००७ पर्यंत, म्हणजे चोवीस वर्षे चालविली आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावरच ती थांबविली. चोवीस वर्षे दुरुस्तीची हमी राखणारी वस्तू आज कोणाच्या घरात आहे?

भारत सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये या विषयावर समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ खुले केले. शेतीची अवजारे, मोबाइल व तत्सम साधने, घरगुती टिकाऊ वस्तू आणि वाहने अशी चार क्षेत्रे त्यासाठी ठरविण्यात आली. दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकासंबंधीचा एका समितीचा अहवालही २०२५ साली विभागाकडे आला. हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु संकेतस्थळावर कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राचा पत्ता मिळणे आणि गावातल्या कारागिराला मंडलाची आकृती व सुटा भाग मिळणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीने ग्राहकाचा प्रवास वाढतो, दुसरीने कारागिराचा धंदा चालतो. आतापर्यंत भर पहिलीवर राहिला आहे.

कोणी म्हणेल, जुनी इलेक्ट्रॉनिक वस्तू घरात ठेवण्यापेक्षा रीतसर मोडीत काढावी. चित्रनलिकेच्या काचेत शिसे असते, आणि १ एप्रिल २०२३ पासून अमलात आलेल्या नव्या ई-कचरा नियमांनी त्यासाठी व्यवस्था केलेली आहे. आक्षेप रास्त आहे. मात्र त्या व्यवस्थेची दारे तालुक्याच्या गावापर्यंत क्वचितच पोहोचतात. तेथे मोड म्हणजे भंगारवाला, आणि भंगारवाल्याकडे पोहोचलेल्या टीव्हीतून तांब्याची गुंडाळी काढून काच ओढ्याकाठी टाकली जाणे हे नेहमीचेच. दुरुस्तीने ती काच निदान आणखी काही वर्षे घराच्या कोपऱ्यात सुरक्षित राहते.

हा विषय खेळण्यांपुरता नाही, हे जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला समजावून सांगण्याची गरज नाही. विहिरीवरच्या मोटारीची गुंडाळी जळाली तर ती नव्याने भरून देणारे हात या दोन्ही तालुक्यांत आहेत. तीच मोटार आता मोबाइलवरून चालू-बंद करणाऱ्या पेटीला जोडलेली असते, ठिबकचे नियंत्रण इलेक्ट्रॉनिक असते, आणि त्या पेट्यांच्या आत तोच राळेचा काळा थेंब असतो. टोमॅटोला पाणी देण्याच्या दिवसांत पेटी बंद पडली की शेतकरी ज्याच्याकडे धावतो तो बहुतेकदा टीव्ही दुरुस्त करणाराच असतो. खेळसंचाच्या हौशी गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांवर त्या दुकानाचे भाडे महिनाभर निघत असेल, तर त्या हौसेचा लाभ शेजारच्या शेतापर्यंत पोहोचतो, असे म्हणावयास हरकत नाही. तथापि हौसेची लाट ओसरते. चाळिशीची आजची पिढी साठीला पोहोचेल तेव्हा तिच्या मुलांना हातातील मोबाइलविषयी अशी ओढ वाटेल, आणि वाटली तरी तो उघडता येईल, याचा भरवसा कोणी देऊ शकणार नाही.

करण्याजोगे काही आहे, आणि त्यासाठी फार मोठा निधीही लागणार नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यातील प्रात्यक्षिकांसाठी नव्या सरावपट्ट्यांबरोबर गावातील बंद पडलेल्या खऱ्या वस्तू आणाव्यात, आणि वर्षातून काही आठवडे विद्यार्थ्याने जुन्या कारागिराच्या दुकानात बसावे. कारागिराला त्याबद्दल मानधन द्यावे. शेतीच्या उपकरणांना अनुदान देताना उत्पादकाने मंडलाची आकृती आणि सुट्या भागांची यादी मराठीतून जाहीर केलीच पाहिजे, अशी अट शासनाला सहज घालता येईल. अनुदान शासनाचे आहे, तर अट घालण्याचा अधिकारही शासनाचाच आहे. शिवाय राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदला भरणाऱ्या विज्ञान प्रदर्शनात दोन्ही तालुक्यांतील शाळांची मुले थर्माकोलचे ज्वालामुखी आणि कागदी उपग्रह घेऊन जातात. त्याच मंडपातल्या एका टेबलावर उघडलेला खेळसंच, एक मल्टिमीटर आणि तापलेली कैची घेऊन मंचरचा वा नारायणगावचा कारागीर बसविला, तर त्या टेबलाभोवतीची गर्दी आवरण्यास स्वयंसेवक लागतील.